बॅटरीची वेगळी नोंद

यंत्रामुळे माणसाचे श्रम हलके झाले, ही विसाव्या शतकाची सर्वांत मोठी देणगी आहे. धुळ्याच्या आमच्या कार्यालयात पहिला लॅपटॉप आला, तेव्हा नारळ फोडून साहेबांनी हे वाक्य म्हटलं. तेव्हापासून तो उचलायला एक शिपाई, पुसायला दुसरा आणि चालवायला मी, असे तिघे लागू लागले.

शतक संपायला दीडेक वर्ष होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुलींची वसतिगृहाच्या प्रवेशासाठीची यादी मी त्यावर टाइप करत होतो. यादीत नाव नसलं की त्या मुलीची शाळा सुटणार, इतकं ते सरळ होतं.

वीज दिवसातून तीनदा जायची. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा. झोपेचे प्रकार दोन. एकात चालू काम बॅटरीच्या जीवावर टिकायचं. दुसऱ्यात ते आधी डिस्कवर उतरायचं, मग यंत्र बंद व्हायचं. मी दुसरा लावला होता. साहेबांनी तो काढायला लावला. त्यातून जागं व्हायला दीड मिनिट लागायचं आणि पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नव्हतं.

त्यात भर म्हणजे, कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरात लॅपटॉपची नोंद एक आणि बॅटरीची दुसरी. लॅपटॉप माझ्या ताब्यात, बॅटरी भांडारपाल नानांच्या. साडेपाचला नाना बॅटरी काढून कपाटात कुलूपबंद करत.

यादी नाशिकच्या वरच्या कार्यालयात पाठवायच्या आदल्या दिवशी पाचला वीज गेली. मी झाकण मिटलं, तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. पावणेसहाला बाहेर आलो तर बॅटरीची जागा रिकामी.

"नाना, अहो काम चालू होतं!"

"झाकण बंद होतं, भाऊ. बंद ते बंद. हरवली तर भरून तू देणार का?"

दुपारनंतरची चौदा नावं गेली. ती सेव्ह केली नव्हती, हा दोष माझाच. पण चौदाही अर्ज माझ्या टेबलावर होते. सकाळी वीज आल्यावर यादी छापली आणि साहेबांना म्हटलं, उरलेली नावं खाली हाताने लिहितो, वीस मिनिटांचं काम आहे.

"छापील यादीला हाताची शेपटी? वर काय म्हणतील?"

"मग तासभर द्या, टाइप करतो."

"जीप उभी आहे."

त्यांनी सही केली. मी आणखी भांडायला हवं होतं. भांडलो नाही, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आठवड्याने एका मुलीचा बाप आला. दोन एसट्या बदलून आला होता.

"भाऊ, मनी पोरनं नाव शे ना यादीमा?"

मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्याने त्या मिटलेल्या झाकणाकडे बघितलं.

"अर्ज तं मी तुमनाच हातमा दिधा व्हता."

तिचं ते वर्ष घरी गेलं.

पुढे नाशिकच्या वरच्या कार्यालयात कामाला गेलो, तेव्हा तिथल्या कारकुनाला त्या यादीबद्दल विचारलं. त्याला ती चांगली आठवत होती. छापील यादी फाइलला लावायचा नियम नव्हता, म्हणून त्याने ती हाताने रजिस्टरात उतरवून घेतली होती.