एक जूनचा मृत्युयोग

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. खून बघितले, दरोडे बघितले, दौंडला असताना रेल्वेतल्या चोऱ्या बघितल्या, पण एवढा वैताग दुसऱ्या कुठल्या कामानं दिला नाही. मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि जमादार म्हणून निवृत्त झालो, तेही कुणाची चिठ्ठी न आणता. लिहिण्यात चूक असेल तर असू द्या. नावं लिहीत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून त्याच गावात राहतात.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी शिरूर ठाण्यात हवालदार होतो आणि पाबळकडची काही गावं माझ्या बीटला होती. त्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सोमवारी सकाळची हजेरी संपते न संपते तोच त्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं घडीतून एक पिवळा कागद काढला आणि लांबूनच टेबलावर ठेवला, जसा काही तो चावणार होता.

कागदावर वर कुंडलीचा चौकोन छापला होता. खाली एका उमेदवाराचं नाव आणि ‘जन्म एक जून, सूर्योदयी’. मग लिहिलं होतं की याच्या अष्टमात शनी बसला आहे, मृत्युयोग प्रबळ आहे, हा इसम मतदानाचा सूर्य पाहणार नाही आणि जो त्याला मत देईल त्याच्या घरचा कर्ता पुरुष वर्षाच्या आत जाईल. छापखान्याचं नाव नाही, छापणाऱ्याचं नाही.

तो उमेदवार गावातला शिंपीकाम करणारा, चाळिशीचा, बौद्ध वस्तीतला. गावात नळ आले होते, पण पाइप वस्तीच्या अलीकडंच थांबला होता. तो पुढं न्यायचा म्हणून हा उभा राहिला. त्याचे ब्लाउज-सदरे सगळ्या गावाच्या अंगावर, त्यामुळं माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची घरंही त्याच्या बाजूनं झुकली होती. समोर होता जुना सरपंच. त्याला घाम फुटला होता म्हणायला हरकत नाही.

मी कागद फौजदारसाहेबांपुढं ठेवला. ते म्हणाले, कलम एकशे एकाहत्तर, अदखलपात्र. एन. सी. लिहा आणि सोडून द्या, असल्या कागदांनी कोणी मरत नाही. साहेब पदवीधर होते. मी लिहून घेतलं आणि सायकल काढून गावात गेलो, कारण असल्या कागदांनी काय होतं ते पदवीत शिकवत नसावेत.

गावात बघतो तर शिंप्याच्या मशिनीवर कापड नाही. शिवायला दिलेले कपडे लोक अर्धवट परत घेऊन गेले होते. मरणाऱ्याच्या हातचं अंगात घालायचं नाही म्हणे. आणि त्याची म्हातारी आई दारात पोत्यावर बसलेली. कागद आल्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं होतं. फक्त पाणी. तिचा थोरला मुलगा गेल्या साली पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. ती म्हणत होती, फारम मागं घे, तेव्हाच घास घेईन. अर्ज मागं घ्यायची मुदत गुरुवारी दुपारी तीनपर्यंत, शिरूरला मामलेदार कचेरीत.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तू एक जूनचा का?

“ती शाळेतली तारीख, हवालदारसाहेब. खरी कुनाला ठावं? आमच्यात कुंडली कवाच न्हाई. मला सोताला त्या कागदाची भीती न्हाई. पर आईला काय करू? गुरुवारपत्तूर ती टिकली न्हाई तर मी फारमाचं काय करू?”

त्याच्या खिशात अर्ज मागं घेण्याचा कागद लिहून तयार होता. त्यानं मला दाखवला. माझ्याकडं तीन दिवस होते.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या पिढीत आईबाप पोराला शाळेत घालायला न्यायचे, गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आईबाप एकमेकांकडं बघायचे आणि गुरुजी पोराच्या उंचीकडं बघून एक साल धरायचे आणि पुढं एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या सर्व्हिस बुकात एक जून आहे. शिरूर ठाण्यातल्या निम्म्या माणसांच्या आहे. म्हणजे ही कुंडली शाळेच्या रजिस्टरवरून केलेली. एवढं तर तिथंच कळलं.

ठाण्यात परत आलो तर निवडणुकीचे इतर कागद मुद्देमालासारखे गठ्ठा करून ठेवलेले होते. त्यात जुन्या सरपंचाचाही एक होता. त्यातही कुंडली, त्याला प्रबळ राजयोग, पण जन्मतारीख छापलेली नाही. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्ही चौकोनांचा खालचा डावा कोपरा तुटलेला. एकाच ठशाचं काम. आणि सरपंचाच्या कागदावर दौंडच्या एका छापखान्याचं नाव होतं. शिकलेला माणूस मजकूर वाचतो. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आधी कागद बघतो.

मंगळवारी एसटीनं दौंडला गेलो, तिथल्या ठाण्यात नोंद दिली, एक शिपाई बरोबर घेतला. छापखान्याचा मालक आधी म्हणाला, असे ठसे सगळ्यांकडं असतात. मी म्हणालो, दाखव की मग तुझा. त्यानं खण उघडला, तुटका कोपरा बघितला आणि खुर्चीवर बसला. म्हणाला, “हवालदार, मी लग्नपत्रिका छापनारा मानूस. वरवंडच्या बाजारात बसनाऱ्या जोशाच्या हातचा मजकूर आला, मी छापला. मरायची पत्रिका म्हनून काय येगळा रेट लावला न्हाई.” त्यानं जोशाच्या हातचे दोन्ही कागद काढून दिले. पंचनामा केला.

बुधवारी जोशाला वरवंडहून जबाबासाठी शिरूरला आणलं. मी चौकशीत कुणाच्या अंगाला हात लावत नव्हतो. संशयिताला चहा द्यायचा आणि दाराजवळच्या बाकावर बसवून ठेवायचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो, आणि माणसाला मारापेक्षा ते जड जातं. पण हा जोशी बाकावर बसला आणि अर्ध्या तासात आमचे दोन शिपाई त्याला हात दाखवायला उभे! त्यांना हाकललं तर मला म्हणतो, “साहेब, तुमची तारीख सांगा. रागाचं कारण काढून देतो.”

मी सांगितलं, एक जून. साल माझं सांगितलं.

त्यानं बोटं मोजली. “उत्तम. बढती आहे. आयुष्य भरपूर.”

मी त्याची पत्रिकांची वही मागितली. तो आढेवेढे घेऊ लागला, तसं मी त्याला छापखान्यातले त्याच्याच हातचे कागद दाखवले. वही आली. शिंप्याची तारीख एक जून. त्याच पानावर वरच्या ओळीत जुना सरपंच. एक जून. आणि साल तेच! दोघं एका वर्गातले, एका गुरुजींनी एका दिवशी भरती केलेले.

“दोघांची तारीख एक, साल एक,” मी म्हणालो. “एक राजा आणि एक मढं कसं झालं?”

“वेळ वेगळी असते.”

“वेळ कुणी दिली?”

त्यानं चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाला की दोन्ही तारखा सरपंच स्वतः शाळेतून काढून घेऊन आला होता. वेळ तुम्हीच बसवा, असं त्यानं सांगितलं. जबाब लिहिला, सही घेतली. मला वाटलं, काम झालं. मूर्ख होतो.

गुरुवारी सकाळी जोशाला घेऊन गावात पोचलो. शाळेच्या मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन बोलावलं. शिंप्याच्या दारात अर्धं गाव जमलं. मी रजिस्टर उघडून सगळ्यांना दाखवलं, ही बघा एक जून, ही पण एक जून, ही पण. दोघांची नावं एकाखाली एक. जोशाला बोलायला लावलं. तो खाली मान घालून म्हणाला की वेळ अंदाजानं धरली. शिरूरला जाणारी बाराची एसटी यायला अर्धा तास होता. शिंप्याचा हात खिशावर होता.

आणि ज्यानं तो कागद माझ्याकडं आणला तोच पोलीस पाटील पुढं झाला आणि म्हणाला, “म्हंजी जमलं की हवालदार. एका टायमाचे दोघं. एक जातो म्हनून तर दुसऱ्याला गादी मिळती.”

लोकांनी माना डोलावल्या. मागून एक जण म्हणाला की हे तर पहिल्यापेक्षा पक्कं झालं. तीन दिवसांची पायपीट, दोन ठाण्यांच्या नोंदी, पंचनामा, सही, आणि मी त्यांचा मृत्युयोग आणखी घट्ट करून दिला होता. मला त्या पाटलाची टोपी उडवावीशी वाटली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

म्हातारी इतका वेळ पोत्यावर बसून ऐकत होती. तिनं मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

“जून म्हंजी कवा?”

“पेरणीच्या आधी, मावशी.”

“आन् ह्यानं काय लिवलंय? सूर्य उगवताना?”

“व्हय.”

ती जोशाकडं बघून म्हणाली, “आरं मेल्या, हुरडा चालू व्हता. पाटलाच्या रानात कनसं भाजत व्हते तवा माझ्या पोटात कळ आली. दिवस मावळून दिवा लावल्याव बाळ झालं. तू व्हतास का तिथं? मी व्हते. मला इचारायचं न्हाई व्हय कुनी?”

शाळेतली तारीख, छापखान्याचा ठसा, वहीची ओळ, यातलं काहीही तिला लागलं नव्हतं. लागलं ते एवढंच, की तिच्या लेकराच्या जन्माचा हिशेब तिला सोडून भलत्याच माणसानं मांडला होता. तिनं सुनेला हाक मारून भाकरी मागितली. दुधात कुस्करून पहिला घास घेतला आणि मुलाला म्हणाली, “त्यो खिशातला कागद चुलीत घाल.”

बाराची एसटी आली. कंडक्टरनं दोनदा बेल मारली. शिंपी दारातून हलला नाही.

मतदानाला मी त्याच गावात बंदोबस्ताला होतो. शिंपी ठणठणीत होता, नवा सदरा घालून फिरत होता. म्हातारी बायकांच्या रांगेत पहिली. पण शेतकऱ्यांच्या गल्लीतली बरीच घरं आलीच नाहीत. कुणाचं ढोर आजारी, कुणाला पावणे, कुणाची मोटार बिघडलेली. विरोधात मत द्यायला ते तयार नव्हते, आणि याला द्यायची छाती नव्हती. शिंपी थोड्या मतांनी पडला. छापखान्याच्या मालकाला कोर्टानं दंड केला. सरपंच म्हणाला, तारखा मी पत्रिका बघायला नेल्या होत्या, कागद छापा असं मी सांगितलंच नाही. त्याला काहीच झालं नाही. जोशाला ताकीद मिळाली. पुढं वरवंडच्या बाजारात त्याच्यापुढची गर्दी वाढली म्हणून कळलं, कारण प्रत्यक्ष पोलिसांनी नेला होता म्हणजे माणसात काहीतरी असणार.

निकालाच्या दिवशी जुना सरपंच गुलालानं माखलेला माझ्यापुढं आला. “काय हवालदार, ठरला का न्हाई राजयोग खरा?”

मी त्याला म्हणालो, “ठरला. एवढी घरं भिऊन दारं लावून बसली की कुत्र्याचाही ठरंल.”

तो हसला. माझी तक्रार साहेबांकडं गेली, त्याचं मला काही नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं. मी समजत होतो की खोटं बोलणारा सापडला की खोटं संपतं. तसं होत नाही. असला भविष्यवाला पुढचं सांगायला येतच नाही. तो मतदानाच्या दिवशी लोकांना घरात बसवायला येतो, आणि तेवढं झालं की त्याचं भाकीत खरं ठरतं. मग शिंपी जिवंत आहे की मेला, हे बघायला कुणी परत येत नाही. शिंपी पुढं कितीतरी वर्षं जगला. वस्तीत नळ मात्र पुढच्या निवडणुकीनंतरच आला. तेवढी वर्षं त्या म्हातारीच्या घरी पाणी डोक्यावरूनच आलं.