नातीच्या जावळासाठी हातमोजे

कोपर स्टेशनजवळ माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक स्टूल आणि पेट्रोलचा वास. लोकांच्या मशीनमध्ये धागा, धूळ, वाळलेलं तेल, काय वाट्टेल ते अडकलेलं असतं. सुटे भाग पेट्रोलमध्ये बुडवायचे, ब्रशने घासायचे, पुसायचे, मग तेल द्यायचं. हे सगळं मी आयुष्यभर उघड्या हातांनी केलं. हातमोजे घालणारा मेकॅनिक म्हणजे छत्री घेऊन पोहणारा माणूस, असं माझं मत होतं आणि ते मी कुणी न विचारताही सांगायचो.

हातांची अवस्था मात्र सांगण्यासारखी नव्हती. बोटांना भेगा आणि भेगांत काळं तेल. संध्याकाळी कपड्यांची पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन घासायचो, तर उरलीसुरली सालटी निघायची. शेवटी बायकोने डोंबिवलीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बाई म्हणाल्या, "काका, पेट्रोल कातडीतलं तेल ओढून घेतं. हातमोजे घाला."

"मॅडम, दिवसभर तेलातच तर असतात माझे हात," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. बायको तर अजिबात नाही. पुढे ती रोज हातमोज्यांचं काढायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग आमची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला आली आणि नात झाली. कापसासारखं पोर. एकदा दुकानातून आलो, हात धुतले आणि तिच्या गालावरून एक बोट फिरवलं. नुसतं फिरवलं हो. लाल रेघ उमटली आणि ती रडायला लागली. मुलगी तिला उचलून आत घेऊन गेली, बायको मागोमाग. फार वाईट वाटलं मला. त्यानंतर मी नातीला लांबूनच खुळखुळा वाजवून दाखवायचो.

मुलगी माजिवड्याला सासरी परत गेली आणि तिकडे जावळाचं निघालं. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. मुलीच्या वेळी माझा मेहुणा बसलेला. त्या वेळच्या फोटोत मी मागे उभा आहे, हात पाठीमागे बांधून, पाहुणा आल्यासारखा. आता नातीला मामाच नाही. बायको म्हणाली, मामा नाही तर आजोबांची मांडी. तिने तसा फोन केला, तर विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "चुलत मामाला बसवू या का? वस्तऱ्याचं काम, डोकं नीट धरावं लागतं. आणि तुमच्या ह्यांचे हात जरा..." पुढे त्या थांबल्या. फोन स्पीकरवर होता.

माझं डोकंच फिरलं. राग विहीणबाईंचा नव्हता, त्या खरंच बोलल्या. राग माझ्याच हातांचा आलेला. म्हटलं, सांग त्यांना, मांडी माझीच.

दुसऱ्या दिवशी बायकोचे भांडी घासायचे हातमोजे उचलून दुकानात नेले. पेट्रोलमध्ये हात घातला आणि जरा वेळाने बघतो तर मोजे फुगलेले, चिकट, पार लिबलिबीत. मोज्याचं एक बोट तर माझ्या बोटाला रामराम करून भांड्यातच राहिलं. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग हार्डवेअरवाल्याने अक्कल दिली, "काका, साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. हे निळे न्या, नायट्राइलचे. फाटले की बदलायचे."

सुरुवातीला नुसता वैताग. बारीक स्क्रू बोटाला कळेना, हातून निसटून कपाटाखाली जाई आणि मी त्याच्या खानदानाचा उद्धार करी. आत घामाचं तळं. एक टेलरबाई मशीन घ्यायला आलेली, मला बघून म्हणाली, "काय काका, ऑपरेशन आहे का?"

"हो," म्हटलं, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

रात्री बायको खोबरेल लावून द्यायची. आणि मी माझी एक परीक्षा ठरवलेली. तिची जुनी रेशमी साडी काढायची आणि तिच्यावरून तळहात फिरवायचा. खरखरीत हाताला रेशमाचा धागा अडकतो, ओढला जातो. रोज अडकायचा. बायको म्हणायची, साडी फाडूनच थांबणार तुम्ही. जावळाच्या दोन दिवस आधी हात फिरवला, तर सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी पुन्हा फिरवला. बायकोनेही बघितलं आणि साडीची घडी घातली.

माजिवड्याला विहीणबाई माझ्या समोरच बसल्या, नजर सारखी माझ्या हातांवर. न्हावी वस्तरा काढतोय तोवर नातीने घर डोक्यावर घेतलं. मी तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. हात जराही हलले नाहीत. काम झाल्यावर तिचे दोन्ही गाल नीट बघितले. रडून लाल झालेले, पण रेघ कुठेच नव्हती. विहीणबाईंनी स्वतः उठून मला पेढा दिला.

रडून रडून नात माझ्या डाव्या हातावर झोपली, तुळतुळीत डोकं तळव्यात. मुलगी शेजारी येऊन बसली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "बाबा, मला असं कधी घेतलं होतंत?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. म्हटलं, "नाही गं. हात खराब होते."

तिने माझा उजवा हात उचलला आणि आपल्या गालाला लावून धरला. एका हातात नात, दुसरा मुलीने धरलेला. डोळे पुसायला हातच उरला नाही.