शंकरपटात गेलेले पाय

माझ्या वडिलांचे पाय शंकरपटात गेले, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते बैलजोडी हाकायचे. पटाच्या शर्यतीत जोडी उधळली, छकडा उलटला आणि तेव्हापासून हातात काठी आली. ते टाचा न टेकवता, गुडघ्यावर गुडघा घासत चालत. ही गोष्ट मी शाळेत इतक्यांदा सांगितली की एक बैल पांढरा आणि एक लाल, हे रंगही मीच देऊन टाकले. घरी रंगांचा उल्लेख कधीच नव्हता.

मोहाडीजवळच्या त्या शाळेत मी नववीला होते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वाचनालयाच्या एकुलत्या कपाटात मुलांसाठी एक पातळ पुस्तक आलं, वैद्यकाच्या इतिहासातल्या कोड्यांचं. प्रत्येक प्रकरणात आधी रोगी, मग संशयित, शेवटी गुन्हेगार. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त का येई? एकाच पंपाचं पाणी पिणारी माणसंच का मरत? दूरच्या देशांतली मरणं असल्यामुळे मी ती मिटक्या मारत वाचली.

मग एक प्रकरण आपल्याकडचं निघालं. धडधाकट माणसं, आणि काही दिवसांत पाय ताठ. 'रोगी चवड्यांवर चालतो, गुडघे कात्रीसारखे एकमेकांवर येतात.' गुन्हेगार लाखोरीची डाळ. कधीमधी खाल्ली तर बाधत नाही. पण वाईट साली दुसरं काही मिळेना, मालकाकडून मजुरी म्हणूनही तीच मिळे आणि महिनोन्महिने तीच पोटात गेली, की पाय जात. आमच्या बांध्यांत धान कापण्याआधी चिखलात जिचं बी फेकत, तीच ही लाखोरी.

मी पुस्तक मिटलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. बैलांनी पाडलेला बाप मिरवता येत होता. उपासापोटी मालकाची डाळ खाऊन पडलेल्या बापाचं काय करायचं, ते मला कळेना.

"माय, बाबा कोनत्या गावच्या पटात पडले?"

माय तांदूळ निवडत होती. "काहून विचारून राहिली?"

"असंच."

"असंच विचारायचं नसते."

माझं उत्तर मला मिळालं.

पुढच्याच महिन्यात स्नेहसंमेलन होतं. 'आपल्या मातीतला विषय' म्हणून मुख्याध्यापकांनी नेमकं तेच प्रकरण मला वाचायला दिलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सगळ्या गावासमोर ते वाचलं गेलं की शंकरपट संपला, एवढं मला दिसत होतं. घरी मी घाबरतच सांगितलं. बाबा काठीची मूठ पुसत म्हणाले, "वाच. साफ वाच. मी येतो आयकाले."

भंडाऱ्याहून आलेले पाहुणे उशिरा पोचले. उशीर हा त्यांच्या मोठेपणाचाच भाग आहे, असं मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. खुर्चीवर नवा टॉवेल होता. हार इतका जाड की पाहुण्यांची हनुवटी त्यात बुडाली होती. मी वाचलं. 'कात्रीसारखे' हा शब्द मी घाईनं ओलांडला. समोर एवढं गाव होतं, आणि बाबा बसले होते तिकडे एकही मान वळली नाही. सगळे हार बघत होते.

पाहुणे उठले. "वाचन उत्तम. पण बालमित्रांनो, विज्ञान म्हणजे प्रत्यक्ष दर्शन! गावात असा रुग्ण असेल तर त्यानं पुढं यावं, चार पावलं चालून दाखवावी. यात लाजण्यासारखं काय आहे?"

ज्यांना कधी लाजावं लागलेलं नसतं, तेच हा प्रश्न इतक्या सहज विचारतात. मुख्याध्यापक स्वतःच्या चपला न्याहाळू लागले. बाबांनी काठी जवळ ओढली. उठणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. तलावात मासे धरणारी म्हातारी ढिवरीण होती. "सायेब, आमच्या गावात तसा कोनी नाही."

"एकही नाही?"

"एक लंगडा हाय. पन तो पटात पडला. म्या सोता पायलं ना! काय जोडी पयत होती!"

"पांढरी जोडी होती, सायेब," मागून कुणीतरी म्हणालं.

"एक लाल होता ना गा!" तिसऱ्यानं त्याला झापलं. "पायलं नाही तं बोलते कायले?"

लोक हसले. "अपघात वेगळा," असं म्हणून पाहुणे खाली बसले.

मी मात्र पुस्तक हातात धरून उभीच राहिले. लाल बैल माझा होता. माझी शाळेतली थाप या लोकांनी ऐकली होती, जपून ठेवली होती आणि गरज पडताच माझ्या बापासाठी उभी केली होती. म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्या वाईट साली त्यांच्याही चुलीवर तीच डाळ शिजली असणार. लाज वाटत होती ती मला एकटीला, आणि चारचौघांत ती पडणार होती बाबांवर.

पाहुण्यांची जीप जाईपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत. मग उठले. वाटेनं मी खाली मान घालून त्यांच्या मागे चालत होते.

"पुस्तकात नाव नाही ना कोनाचं?"

"नाही."

"बरं केलं लिवनाऱ्यानं." थोडं पुढं गेल्यावर ते थांबले. "तो लाल बैल कोनं घातला वं त्यात?"

"मी."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. "मले वाटलं, मीच विसरून राहिलो."