मिलिंदच्या नावावरचा फाउल

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला, आमच्या शाळेच्या मैदानावर, मुलांकडून लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू उकरून घेत होतो. फोन अन्वरचा होता. मिलिंदला कावीळ झाल्याचं कानावर आलं होतं, पण त्यानं ती अंगावर काढली आणि आम्हीही ती साधीच समजलो. अन्वर एवढंच म्हणाला, "आता आपण दोघंच राहिलो." मी फोन ठेवला आणि मुलांवर उगाच ओरडलो. माझा राग हा असाच, नको त्याच्यावर निघतो.

आम्ही तिघं दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. मिलिंदचे वडील रेल्वेत खलाशी, सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणायची. कॉलनीच्या कडेला सिमेंटचं एक जुनं बास्केटबॉलचं मैदान होतं. एका बाजूची रिंग शाबूत, दुसऱ्या बाजूला नुसता खांब, आणि त्या खांबाला दोरी बांधून बायका गोधड्या वाळत घालायच्या. त्यामुळं आमचा खेळ कायम अर्ध्या मैदानावर. पंच आणायचा कुठून? म्हणून तिथं एक रीत पडली होती. ज्याच्या हातून फाउल होईल त्यानं आपणहून हात वर करायचा. दुसऱ्याकडं बोट दाखवायचं नाही. ही रीत मोडणाऱ्याला सगळे मिळून आठवडाभर गोधड्यांच्या बाजूला बसवायचे. मी तिथं पुष्कळदा बसलोय. मिलिंद एकदाही नाही. तो उंचीनं बेताचा, पण हात लांब, आणि खिशात नेहमी गूळ-शेंगदाणे. खेळ संपला की त्याचे तीन वाटे करायचा आणि ज्याचे नेम जास्त चुकले त्याला मोठा वाटा द्यायचा. "त्याला ताकद कमी पडती," असं वर म्हणायचा... तो मोठा वाटा बहुतेक वेळा माझाच असे.

पुढं एका वाहिनीनं गल्लीबोळांत बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांची स्पर्धा काढली. तीन-तीन जणांचे संघ, दर आठवड्याला हरणारा संघ घरी. पुण्याच्या चाचणीला आम्ही पॅसेंजरनं गेलो आणि चक्क निवडले गेलो. मुंबईत त्यांनी स्टुडिओतच एक गल्ली उभी केली होती, भिंतींवर रंगीत चित्रं, कोपऱ्यात कोऱ्या कचराकुंड्या. इतकी स्वच्छ गल्ली आम्ही जन्मात पाहिली नव्हती. तीन सामने जिंकलो. इकडं दौंडात लोक दुकानांसमोर उभं राहून आम्हाला बघत होते. रेल्वेच्या खेळाडू-भरतीतल्या कुणा साहेबानं आबांना सांगितलं होतं की पोरं अंतिम सामन्यापर्यंत पोचली तर मिलिंदचा नोकरीसाठी विचार होईल. आबांनी ते साऱ्या कॉलनीला सांगून टाकलं.

चौथ्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणानं पुढं होतो. माझे फाउल भरत आले होते, आणखी एक झाला की मी बाहेर. समोरच्यानं उडी मारली, मी आणि मिलिंद दोघंही त्याच्या अंगावर धावलो, चेंडू रिंगला लागून बाहेर पडला. पंचांची शिट्टी वाजली नाही. आम्ही जिंकलो होतो. आणि मिलिंदनं हात वर केला. पंच गोंधळले, निवेदकानं माइक त्याच्या तोंडाशी धरला, तर हा म्हणतो, "फाउल झालाय." समोरच्याला दोन नेम मिळाले, दोन्ही बसले. आम्ही घरी आलो.

दौंडात त्याची फार टवाळी झाली. तो रस्त्यानं निघाला की चौकातली पोरं हात वर करायची. हा हसून पुढं जायचा. आबांची नोकरीची आशा गेली ती गेलीच, त्यांनी घरात खेळाचा विषय बंद केला. आणि कधी चिडले की त्याला सुनवायचे, "संजू बघ, त्यो गप ऱ्हायला आन् मास्तर झाला." संजू म्हणजे मी. टीव्हीवर दिसलेला खेळाडू म्हणून मला शिरूरच्या शाळेनं बोलावून घेतलं, हे खरंच होतं. मिलिंद सणसवाडीला कंपनीत लागला, कंत्राटावर.

आता सांगतो. तो फाउल माझा होता. समोरच्याच्या कोपरावर माझी बोटं बसली होती, मला ती लागलेली कळली होती. मी हात वर केला नाही. मिलिंदकडं मी हा विषय एकदाच काढला, शिरूरच्या स्टँडवर. तो म्हणाला, "सोड रं. तुझे फाउल भरले व्हते." मी सोडून दिलं. मनाची समजूतही घातली, की त्याचा हात सवयीनंच वर गेला असणार, त्यात माझ्यासाठी असं काही नव्हतं. त्याच्या जलदान विधीला मंडपात मला माइकवर बोलायला उभं केलं. मी 'मनमिळाऊ', 'दिलदार' असे शब्द वापरले आणि खाली बसलो. आबा पहिल्या ओळीत होते. मला माझी शरम वाटली.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. मिलिंदची बायको सुजाता चहा ठेवून आत वळत होती, तिलाही थांबवलं. म्हणालो, "आबा, तो फाउल मिलिंदचा नव्हता. माझा होता."

आबांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "त्यो जित्ता असताना का न्हाई सांगितलंस?"

"भ्यालो, आबा."

त्यांनी सुजाताला कपाटावरची त्या सामन्याची सीडी काढायला लावली. केबलवाल्यानं तेव्हा भरून दिलेली, घरात कुणी कधी लावलेली नाही. मीही तो सामना टीव्हीवर कधी पाहिला नव्हता. हिंमत झाली नव्हती. "लाव," आबा म्हणाले, "तुझा हात कुठला, त्यो दाखव." मी दाखवला. ओळखणाऱ्यालाच कळेल इतकंच दिसत होतं, पण दिसत होतं. आबांनी ते परत लावायला लावलं. तिसऱ्यांदा ते उठून पडद्याजवळ गेले, मान पुढं काढून बघत राहिले, आणि त्यांनी मिलिंदच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये बघ. आधी तुझ्याकडं बघतोय त्यो."

खरंच बघत होता. चेंडू बाहेर पडल्यावर त्याचा हात लगेच वर गेलेला नाही. दोन्ही हात खाली ठेवून तो उभा आहे, नजर माझ्यावर... एक क्षण, दोन क्षण. मग हात वर जातो.

"थांबला व्हता रं तुझ्यासाठी," आबा म्हणाले.

त्या दोन क्षणांत मी काय करत होतो तेही त्या सीडीत आहे. मी रिंगकडं बघून हसत होतो.