परकीय मदत आणि दशम्यांचा डबा

हसणार नाही असं कबूल केलंत तरच सांगते. छे, तुमच्या चेहऱ्यावरूनच दिसतंय, हसणार आहात! मग निदान हातातला कप तरी खाली ठेवा.

आंतरराष्ट्रीय राजकारण आणि आर्थिक विकास या विषयात मी नुकतीच एम.ए. झाले होते आणि जग बदलायची मला भलतीच घाई होती. श्रीमंत देश गरीब देशांना मदत पाठवतात, पण ती गरजूपर्यंत पोहोचतच नाही, मधलाच कुणीतरी खाऊन टाकतो, हे मी सिद्ध करणार होते. मार्गदर्शक म्हणून हवे होते दिल्लीचे एक प्राध्यापक, मूळचे पुण्याचे. त्यांची पुस्तकं मी उशाशी घेऊन झोपायचे! धीर करून त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: पुण्याहून परतताना माझी गाडी झाशीला थांबेल. बोगीत येऊन विषय समजावून सांगा. पटला तर घेईन.

म्हणजे बघा, गाडीत पाणी भरून होईपर्यंत माझं अख्खं आयुष्य ठरणार होतं!

आईला मात्र वेगळीच काळजी. आम्हा झाशीच्या मराठी लोकांचा एक धर्मच आहे. महाराष्ट्रातून दिल्लीकडे जाणारा प्रत्येक आपला माणूस झाशीवरून जातो, आणि तो उपाशी पुढे गेला तर आमच्या रेल्वे कॉलनीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. डबा घेऊन फलाटावर जायचं म्हणजे जायचंच!

"अगं आई, ते केवढे मोठे विद्वान आहेत!"

"मग? विद्वानांना पोट नसतं?"

"मी गरीब देशांच्या विकासावर बोलणार, आणि हातात काय, दशम्या?"

"विकास बोलून झाला की दे. आणि डबा परत आण हो, माझ्या माहेरचा पितळी आहे."

दशम्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं आणि वर बेसनाचे लाडू. घेतला तो डबा आणि निघाले.

गाडी आली. बोगी सापडली. आता एकच अडचण होती. सरांना मी कधी पाहिलंच नव्हतं! पण विद्वान माणूस काय लपून राहतो? खिडकीशी एक भारदस्त गृहस्थ बसले होते. खादीचा कुर्ता, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर उलगडलेला इंग्रजी पेपर. त्यांच्या समोर माकडटोपी घातलेला एक किरकोळ म्हातारा शेंगा सोलत होता. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कुणाला नमस्कार केला असता?

"नमस्कार! मी इथली, झाशीची. हा डबा..."

"आलीस का पोरी! अगं, केव्हाची वाट बघतोय!"

वाट बघत होते! माझी! मी तर हवेतच गेले. त्यांनी तो इंग्रजी पेपर बाकावर पसरला, त्यावर डबा उघडला आणि म्हणाले, "तू बोल गं, मी जेवता जेवता ऐकतो."

मग काय, मी सुटलेच! कर्ज, धान्य, धरणं, महासत्तांचा स्वार्थ, काही सोडलं नाही. आणि श्रोता असा, की प्रत्येक घासाला मान डोलावत होता.

"मदत मधल्यामध्ये खाल्ली जाते, सर!"

"खाल्ली जाते तर!" लाडू उचलत ते म्हणाले.

एवढ्यात माकडटोपीवाला पुढे वाकला. "पण काय गं, देणाऱ्यानं आधी चौकशी करायला नको? आपण देतोय ते कुणाला देतोय?"

"काका, प्लीज! आमचं जरा महत्त्वाचं चाललंय."

"बरं बरं," म्हणून तो बिचारा गप्प झाला. नजर मात्र शेवटच्या लाडवावर.

"मग विषय पटला ना?" मी श्वास रोखून विचारलं.

"न पटायला काय झालं?" ते म्हणाले, आणि तो शेवटचा लाडूही गेला.

मला रडूच येणार होतं आनंदानं! तेवढ्यात दारातून आरोळी आली, "हटो भैया, जरा हटो! भाऊसाहेब! अहो भुसावळचे भाऊसाहेब!" पाहते तर आमच्या गणेशोत्सवात नेहमी दिसणारे खंडेराव गेटचे तात्या. घामाघूम. आणि हातात डबा!

"माफ करा भाऊसाहेब, मानिक चौकात टांगा अडकला."

"अहो तात्या, माझं जेवण झालंसुद्धा! तुमची मुलगी आली होती ना."

"माझी मुलगी? मला दोन मुलगेच आहेत!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही... प्राध्यापक नाही?" मी विचारलं.

"मी? माझं भुसावळला सायकलचं दुकान आहे. पण छान बोलतेस हो!"

"मग प्राध्यापक कुठे आहेत?"

समोरच्या म्हाताऱ्यानं सावकाश माकडटोपी काढली. "इथे. मघाशी तू गप्प बसवलंस, तोच मी."

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. आणि मी काय केलं असेल? माफी मागितली? छे! तात्यांच्या हातातला डबा हिसकावला, सरांच्या मांडीवर ठेवला आणि तात्यांना ओढत खाली उतरले.

गाडी हलली. खिडकीच्या गजांआडून सर हसत ओरडले, "तुझा विषय पटला गं! मदत माझ्या नाकासमोर दुसऱ्यानं खाल्ली! पण हा दुसरा डबा मदत नव्हे हो, ही लूट! याला वसाहतवाद म्हणतात! ये दिल्लीला! आणि यापुढे आधी नाव विचार!"

मी फलाटावर नाचत होते. शेजारी तात्या रिकाम्या हातांकडे बघत होते. आणि आईचा पितळी डबा भाऊसाहेबांबरोबर निघाला होता.

"आवडलं का सरांना?" घरी गेल्या गेल्या आईनं विचारलं.

"आई, त्यांनी नुसतं बघूनच पसंत केलं."

आता मी सरांकडेच संशोधन करते. पहिल्याच दिवशी त्यांनी तात्यांचा डबा, लखलखीत घासलेला, माझ्यापुढे ठेवला. "हा पोहोचव. मग गरीब देशांकडे वळू." सुटीत झाशीला आले ती तडक खंडेराव गेटला. दार उघडणाऱ्या बाईंच्या हातात डबा दिला, वसाहतवादाबद्दल मनापासून क्षमा मागितली, वाकून नमस्कार केला. त्याही इतक्या खूश झाल्या की विचारू नका!

संध्याकाळी कळलं, तात्या राहतात पलीकडच्या घरात.

नाव? छे हो, घाईत विचारायचं राहूनच गेलं!