पोकळ गोळ्याच्या आतलं पोटेन्शियल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही सानिकाला ओळखत नाही.

सानिका माझी भाची. ताई-भावजी पानिपतला, म्हणून बारावीला ती आमच्याकडे दिल्लीत करोल बागेत राहायला आली. मावशी शाळेत फिजिक्स शिकवते — मग आणखी काय हवं?

एका संध्याकाळी मी भेंडी चिरत होते. ती पुस्तक घेऊन ओट्याशी आली. धातूच्या पोकळ गोळ्याला चार्ज दिला, की आत फील्ड शून्य. मग पोटेन्शियलही शून्यच ना? मी मान वर न करता म्हटलं, "हो, बिल्कुल."

चूक. साफ चूक. पोटेन्शियल बाहेरच्या पृष्ठभागावर जेवढं, तेवढंच आत सगळीकडे असतं. फील्ड म्हणजे उतार, पोटेन्शियल म्हणजे उंची; गच्ची सपाट असली की चेंडू घरंगळत नाही — पण म्हणून आपण तळमजल्यावर असतो का? हे मीच दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते. त्या दिवशी दमले होते, प्रश्न नीट ऐकलाच नाही.

पण एका चुकीचं एवढं काय? चुका सगळ्यांच्याच होतात. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

तिच्या कोचिंग क्लासमध्ये सरांनी नेमकं तेच विचारलं. सानिका हटून बसली, सरांशी वाद घातला — माझ्या मावशीनं सांगितलंय म्हणाली. वर्ग हसला. सरांनी चिडून ताईला फोन लावला, आणि ताईनं मला. फोन स्पीकरवर होता, सानिका समोर पोहे खात होती. तू खरंच असं शिकवलंस का गं, ताईनं विचारलं.

आणि मी — मी म्हटलं, "छे, मी असं कशाला सांगेन? हिचंच लक्ष नसतं."

ताई लेकीवर कडाडली. खोटं बोलायला कधीपासून शिकलीस? सानिकानं माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल, मला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं का? तिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "सॉरी आई, मलाच कन्फ्यूजन झालं."

मला लाज वाटली, तरी ताईला खरं सांगितलं नाही.

आता ती नोएडाला नोकरी करते. पण त्या दिवसापासून तिनं काहीही सांगितलं, की ताई आधी मला फोन करते — ती म्हणते ते खरं आहे ना? तू हो म्हटलंस की माझी खात्री पटते.

मी हो म्हणते.