बारा बटणं, सगळी उजव्या अंगठ्याला

भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावानं मला ओवाळणीत माऊस घातला. कॉम्प्युटरचा. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता आणि मधोमध एक काळा डबा, त्यावर तोंडातून जाळ काढणारी कवटी. आई म्हणाली, असलं अभद्र ताटात कशाला ठेवतो. भाऊ म्हणाला, गेम खेळणारी पोरं हाच वापरतात, अकोल्यात मिळत नव्हता, खास मागवून घेतला. मी डबा उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माऊसच्या डाव्या कुशीवर बारा बटणं होती. तीन-तीनच्या चार ओळी. उजव्या हातात माऊस धरला की अंगठा जिथे टेकतो, नेमकी तिथे. म्हणजे बाराच्या बारा बटणांची चाकरी उजव्या अंगठ्यानं करायची. आणि माझा उजवा अंगठा तेव्हा चहाचा कप उचलायच्या कामाचाही राहिला नव्हता. भावाला ते ठाऊक होतं, कारण मीच त्याला सांगितलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. पण वहिनी कौतुकानं बघत होती, ताटातली वात जळत होती, म्हणून मी ओवाळलं, माऊस पिशवीत टाकला आणि गप्प बसले. गप्प बसायची मला लहानपणापासून सवय लावलेली आहे.

मी अमरावतीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढते. शेतजमिनीचे प्लॉट पाडतात, त्यांचे ले-आउट. रस्ते किती रुंद, खुली जागा कुठे, नाल्याची हद्द कुठून जाते, हे सगळं कॉम्प्युटरवर. पंधरा वर्षं झाली. उजव्या हातात माऊस, डावा हात कीबोर्डवर, आणि दिवसातून हजार वेळा क्लिक. गेल्या पावसाळ्यात अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. आधी मलम लावलं, मग पट्टा बांधला, मग कुलपात किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यांनी अंगठा मुठीत धरून मनगट वाकवलं, मी ओरडले, तेवढ्यावर त्यांचं निदान झालं. शीर सुजली आहे, म्हणाले. या अंगठ्याला पूर्ण विश्रांती, नाहीतर पुढे चिरावं लागेल, आणि चिरूनही पहिल्यासारखा होईलच असं नाही. माऊस डाव्या हातात घ्यायची सवय करा.

मला हसू आलं. मी म्हटलं, डॉक्टर, मी जन्माची डावखुरी आहे.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग अडचण काय?"

अडचण काय. आमचं घर फुलांचं. बाळापूरच्या रस्त्याला मळा, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि अकोल्यात हारांचं दुकान. संध्याकाळी घरातली सगळी माणसं ओळीनं हार ओवायला बसायची. मी सात-आठ वर्षांची असताना सुई डाव्या हातात धरायची, आणि माझी सुई सगळ्यांत भरभर चालायची. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, आईही सांगते. एकदा दुकानात एका रोजच्या गिऱ्हाइकाला मी डाव्या हातानं हार दिला. त्यानं तो घेतला नाही. देवाचा हार आणि पोरगी त्या हातानं देते, असं बाबांना सुनावून तो पलीकडच्या दुकानात गेला.

त्या दिवसापासून बाबांनी माझा डावा हात बांधायला सुरुवात केली. हाराचाच पांढरा दोरा, चार पदरी केलेला. एक टोक मनगटाला, दुसरं परकराच्या नाडीला. जेवताना, अभ्यासाला बसताना, हार ओवताना. करकचून नाही बांधायचे, हे सांगितलं पाहिजे. हात कमरेच्या वर जाणार नाही, एवढाच. वर्षभर चाललं ते. माझा भाऊ तेव्हा चारेक वर्षांचा, त्याला माझ्यावर पहाऱ्याला बसवलं होतं. दोरा सोडून मी डावा हात वापरला की तो धावत बाबांना सांगायचा आणि त्याला बत्तासा मिळायचा. शाळेत मास्तर मला डेबरी, म्हणजे डावरी, म्हणायचे, मग पोरंही म्हणायची. भावंडांत डावं-उजवं करू नये म्हणतात. आमच्याकडे ते मला एकटीलाच धरून केलं.

झालं, हात वळला. अक्षर गिचमिड झालं, पण उजव्या हाताचं झालं. कॉम्प्युटर शिकायला गेले तेव्हा माऊस उजवीकडेच होता, मी मुकाट तोच धरला. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं ऐकून मी ऑफिसात माऊस डावीकडे घेतला, तेव्हा त्या हाताला काहीच येईना. कीबोर्ड सोडला तर पस्तीस वर्षं रिकामा बसवलेला हात तो. पडद्यावरचा बाण नकाशातल्या रस्त्यावर न्यायचा तर नाल्यात जायचा.

सरांना मी सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांना तिवशाकडच्या मोठ्या ले-आउटचा नकाशा संक्रांतीपर्यंत हवा होता. ते म्हणाले, तोवर हात बसला तर ठीक, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. सरळ बोलले, त्याचा मला राग नाही. माझं घर त्या पगारावर चालतं आणि मला दुसरं कुठलं काम येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

माझा स्वतःचा माऊस आधीच तिरका, उजव्या तळव्याच्या घडणीचा. डाव्याला तो टोचायचा. अमरावतीत तीन दुकानं फिरले, डाव्या हाताचा माऊस कुठेच नाही. म्हणून भावाला फोन केला. अकोल्यातला एक कॉम्प्युटरवाला दुकानातल्या फोटोसाठी रोज आमच्याकडून हार नेतो. मी भावाला दोनदा सांगितलं, डाव्या हाताला चालेल असा बघ. त्यानं हो हो म्हटलं, आणि त्याच्या डोक्यात फक्त माऊस राहिला.

आता विषय निघालाच आहे तर असला माऊस घ्यावा की नाही तेही सांगून टाकते, कारण पंधरा दिवस मी तो इमानेइतबारे वापरून बघितला. आलेली वस्तू फेकून देणारी मी नव्हे. सोबत एक प्रोग्राम येतो, त्यात प्रत्येक बटणाला एकेक काम नेमून द्यायचं. मी एका बटणाला रेषा दिली, एकाला खोडणं, एकाला कापणं, एकाला समांतर रेघ, अशी बाराही भरली. पहिली चार बटणं खरोखर कामाची आहेत. पुढची आठ डब्यावर छापण्यासाठी आहेत. अंगठा जाडजूड अवयव आहे हो, त्याला सातवं कुठलं आणि आठवं कुठलं ते चाचपून कळत नाही. कळेपर्यंत कीबोर्डवरचं बोट काम उरकून मोकळं झालेलं असतं. गेम खेळणाऱ्या पोरांना जमत असेल, त्यांचे अंगठे कोवळे आहेत. वर त्यात दिवे लागतात, लाल, हिरवे, जांभळे. सर म्हणाले, टेबलावर गणपती बसवला का.

एवढं सगळं मी उजव्या हातानं करून बघितलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अंगठा पुरीसारखा फुगला. मग तोच माऊस डाव्या हातात घेतला. डाव्या हातात ती बटणं करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाखाली येतात, आणि माऊस धरायचा म्हटलं की त्याच बोटांनी दाबून धरावा लागतो. धरला की बटण दाबलं जातं. एका दुपारी मी नकाशा छपाईला पाठवला आणि सरांनी तो टेबलावर उघडला, तर नाल्याची हद्दच गायब. माझ्या करंगळीनं केव्हातरी खोडून टाकली होती आणि मला पत्ताही नव्हता. तो कागद तसाच पुढे गेला असता तर नाल्यात प्लॉट विकले गेले असते. सर पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. संक्रांत तुमच्या लक्षात आहे ना, म्हणाले.

त्या रविवारी मी माऊस पिशवीत घालून अकोल्याला गेले. भावाला घेऊन सरळ त्या दुकानात. दुकानदारानं उघडलेला डबा परत घ्यायला नकार दिला, तो देणारच होता. मी म्हटलं, परत घेऊ नका, पण डाव्या हाताचा मागवून द्या. तो म्हणाला, "डाव्या हाताचं गिऱ्हाईकच येत नाई ना ताई."

मी म्हटलं, "येतीन कुठून? घरोघरी बांधून ठेवले आहेत."

त्याला काही कळलं नाही. तो माझ्या भावाकडे बघायला लागला आणि माझा भाऊ कसंनुसं हसला. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाला, "ताई, तू तं उजव्याच हातानं काम करतं ना? मले वाटलं, दुखतो म्हनून भारीतला पायजे."

मी त्याला विचारलं, दोरा आठवतो का. कोणता दोरा, म्हणाला. बत्तासे आठवतात का. आठवत नव्हते. खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरंच काही आठवत नव्हतं. माझ्या मनगटावर तो दोरा अजून आहे, आणि ज्यानं त्याचा पहारा केला त्याच्या डोक्यातून तो पार पुसला गेला आहे. मला इतका संताप आला की भर रस्त्यात रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप.

घरी बाबा ओसरीवर हार ओवत बसले होते. सत्तरी उलटली तरी त्यांचा हात अजून चालतो. मी पिशवीतून माऊस काढला आणि त्यांच्यासमोर फुलांच्या ढिगावर ठेवला. मग जे बोलायचं होतं ते बोलले. आठव्या वर्षापासून साठलेलं सगळं. म्हटलं, माझा चांगला हात तुम्ही एका गिऱ्हाइकासाठी बांधून टाकला, दुसऱ्यावर दोघांचं ओझं घातलं, तो आता मोडला, आणि पहिल्याला काही येत नाही. आता माझं काम जाईल तर ते तुमच्यामुळे जाईल. आई आतून बाहेर आली आणि पुरे कर म्हणाली. मी पुरे केलं नाही. मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की चुकलं. एका शब्दाचं काम होतं.

बाबांनी सुई फुलात खोचून ठेवली. डावा हात पालथा करून माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी एक गुळगुळीत, रुपयाएवढा डाग आहे. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की ते चुलीवर भाजलं.

"माह्या बापानं तं निखारा ठेवला होता," बाबा म्हणाले. "मी बी तुह्यासारखाच होतो. मी तुले दोराच बांधला."

भाऊ वाकून तो डाग बघायला लागला. त्यालाही हे नवीनच होतं. आईला माहीत असावं, ती दुसरीकडे बघत होती. माझ्या तोंडून निघालं ते मघापेक्षाही कडू निघालं.

"म्हंजे तुमाले मालूम होतं, बाबा. कसं वाटते ते."

बाबांनी सुई पुन्हा उचलली. उजव्या हातात.

"मालूम होतं म्हनूनच तं दोरा बांधला," ते म्हणाले.

मी जेवायला थांबले नाही. संध्याकाळच्या बसनं अमरावतीला आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कपाटात जुन्या कॉम्प्युटरचा एक साधा माऊस सापडला, दोन बटणं आणि एक चाक, दोन्ही बाजूंनी सारखा. तो डावीकडे लावला आणि पहिलीतल्या पोरीसारख्या रेघा ओढत बसले. आठवडाभर सगळ्या रेघा चुकल्या. मग एक सरळ आली. पुढच्या आठवड्यात रस्ता रस्त्यावर राहिला. तिवशाचा नकाशा संक्रांतीच्या चार दिवस आधी पुरा झाला, नाल्यासकट, आणि सर त्यावर बोट फिरवून ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या माणसाचा विषय नंतर निघाला नाही. अंगठ्याची सूजही उतरली.

राग उतरला नाही. फक्त आता तो कसा धरावा ते कळत नाही. इतकी वर्षं तो सगळा बाबांवर होता आणि अख्खा माझा होता. त्या दिवशी ओसरीवर बाबांनी त्यातला अर्धा आपला म्हणून मागून घेतला, आणि मला नाही म्हणता आलं नाही.